सुट्टीची संध्याकाळ कोणाची?

दर उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की इंदूरच्या घराघरांत एक बेत हमखास शिजतो. रविवार गाठून दोन मोटारी काढावयाच्या, महूच्या किंवा उज्जैनच्या रस्त्याने शहराबाहेर पडावयाचे आणि तरणतलाव असलेल्या एखाद्या रिसॉर्टवर सबंध दिवस घालवून रात्री उशिरा घरी परतावयाचे. ह्या दिवसाचा क्रमही आता ठरून गेला आहे. गेल्यागेल्या पोहे-जिलबी, मग मुले रबरी ट्यूब घेऊन पाण्यात आणि वडील मंडळी काठावरच्या लांब खुर्च्यांवर, दुपारी दाल-बाफले आणि त्या जेवणाला शोभेल अशी डुलकी, उन्हे कलली की पुन्हा एकदा पाणी. दिवे लागले की हिरवळीवरचा रंगमंच उजळतो, ध्वनिक्षेपक खाकरतो, जादूगार येतो, कठपुतळ्या येतात, तंबोल्याचे आकडे पुकारले जातात आणि शेवटी लहानथोरांनी नाचावे म्हणून मोठ्या आवाजात गाणी लागतात. झोपलेली मुले खांद्यावर टाकून मंडळी घरी येतात आणि दिवस छान गेला असे एकमेकांना सांगतात.

आमच्या जुन्या मराठी घरांत हा दिवस वादाचा विषय होऊन बसला आहे. आजोबांना त्यात पैशाची उधळपट्टी दिसते, नातवंडांना आजोबांचा हट्ट दिसतो आणि मधल्या पिढीला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. आमच्या मते हे भांडण भलत्याच मुद्द्यावर चालले आहे. तरणतलावाच्या काठी दिवसभर निवांत पडून राहण्यात गैर असे काहीच नाही. विचार करावयाचा तो त्या दिवसाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे दिवेलागणीनंतरच्या तीन-चार तासांचा. तो का करावयाचा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

पाण्याकाठी दिवस आणि दिव्यांच्या झगमगाटात रात्र, ही करमणूक माळव्याला मुळीच नवी नाही. किंबहुना हिंदुस्थानात तिचे सर्वांत देखणे घर आमच्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर उभे आहे. मांडवगडचा जहाजमहाल मुंज तलाव आणि कपूर तलाव ह्या दोन जलाशयांच्या मधोमध बांधलेला असून त्याच्या बांधणीचे श्रेय सामान्यतः गियासुद्दीन खिलजी ह्या सुलतानाकडे जाते. १४६९ पासून १५०० पर्यंत त्याने राज्य केले. महालात खाली आणि वर अशी स्नानाची कुंडे आहेत आणि वरच्या कुंडात पडण्यापूर्वी पाणी वळणावळणाच्या पाटातून खेळवून आणण्याची योजना आजही पाहावयास मिळते. १६१७ साली जहांगीर बादशहा मांडवगडावर मुक्कामास असताना शबे-बरातच्या रात्री नूरजहाँ बेगमेच्या, तलावांच्या मध्ये असलेल्या वाड्यात मेजवानीची बैठक झाली. काठाकाठाने लावलेल्या दिव्यांचे प्रतिबिंब पाण्यात कसे पसरले होते, त्याचे वर्णन बादशहाने आपल्या आठवणींत हौसेने करून ठेवले आहे. तो वाडा म्हणजे हाच जहाजमहाल, असे पुष्कळजण मानतात. इकडे उज्जैनजवळच्या कालियादेह महालातही क्षिप्रेचे पाणी कुंडाकुंडांतून फिरवलेले आहे. तेव्हा तरणतलाव ही साहेबाने आणलेली चूष आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकवार मांडवगडची वाट धरावी.

मात्र ह्या जुन्या वैभवात एक उणीव होती आणि ती लहान नव्हती. त्या कुंडांत उतरण्याचा अधिकार फार थोड्यांना होता. सुलतानाच्या कुंडाकाठी सुलतान विसावत असे. पाणी भरणारे, दिवे लावणारे, गाणारे आणि वाढणारे त्याच्या विसाव्यासाठी राबत. पुढे काळ बदलला तरी पाण्याभोवतीचे कुंपण लवकर निघाले नाही. आज ज्याला आपण नेहरू पार्क म्हणतो, ती बाग इंग्रजी अमदानीत बिस्को पार्क म्हणून ओळखली जाई आणि ती साहेबलोकांसाठी होती. संस्थानी काळातील क्लबांची दारेही दरबारी आणि अधिकारी मंडळींपुरतीच उघडत. पेढीवरचा कारकून, मिलमधला कामगार किंवा शाळामास्तर आपल्या बायकामुलांना घेऊन तरणतलावाच्या काठी पाय पसरून बसला आहे, असे दृश्य त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आज तिकीट काढून हे करता येते. अजूनही सर्वांना ते परवडते असे नाही. तरीही हा फरक लहान लेखता येणार नाही.

ह्यावर जुनी मंडळी म्हणतील, की आम्हांला तिकीट कशाला हवे होते, आमच्या आजोळी विहीर होती. हे खरेच आहे. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आजोळ, हे समीकरण आमच्या तीन पिढ्यांनी अनुभवले आहे. कोणी देवासला जाई, कोणी धारला, कोणी महेश्वरला, तर कोणी थेट खानदेशात किंवा पुण्याकडे. सकाळी मळ्यातल्या विहिरीवर पोरांची झुंबड उडे. नव्या भिडूच्या पाठीला सुकलेला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून मामा त्याला पाण्यात ढकलीत आणि आठ-पंधरा दिवसांत तो डबा सुटत असे. मग सूर मारणे, मुटका मारणे, तळाशी जाऊन माती काढून दाखवणे अशा परीक्षा ओळीने पास व्हाव्या लागत. दुपारी आंब्याची अढी, पत्ते, सोंगट्या. आणि तापलेली गच्ची पाणी शिंपडून निवली की तीवर ओळीने गाद्या. गाण्यांच्या भेंड्या, कोडी, भुताच्या गोष्टी, परवचा, आणि एखाद्या आत्याने आग्रहावाचून म्हटलेले पद. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी आपल्याकडे म्हणच आहे. दिवसभराची काहिली सरल्यावर माळव्यात सुटणारा तो गार वारा ज्यांनी गच्चीवर अंगावर घेतला आहे, त्यांना ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

पण आठवणी सांगताना आपण सोयीस्कर तेवढेच सांगतो. त्या गच्चीवर वीस माणसे हवा खात असताना खाली स्वयंपाकघरात कोण होते? सुट्टी मुलांची होती, पुरुषांचीही काही अंशी होती. घरातल्या बायकांची मात्र ती वर्षातली सर्वांत कष्टाची वेळ होती. पाहुण्यांच्या दोन पंगती, चुलीची धग आणि त्यातच कुरडया, सांडगे, पापड, शेवया ही वाळवणे, लोणची आणि मुरांबे. मामीला विसावा मिळे तो ती स्वतः माहेरी जाईल तेव्हा, आणि तिचे माहेरपणही तिच्या वहिनीच्या राबण्यावरच उभे असे. विहिरीवर पोहणारी बहुतेक पोरे म्हणजे मुलगेच. मुलींनी फार तर काठावर कपडे सांभाळावेत. नर्मदेच्या घाटावर पहाटे बुडी मारणाऱ्या आमच्या कितीतरी आज्यांना चार हात पोहता येत नव्हते.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. गावची विहीर 'आपली' होती असे आपण सहज म्हणतो, परंतु ती सगळ्या गावाची नव्हती. ज्या महूच्या रस्त्याने आज मोटारी सहलीला जातात, त्या महूत १८९१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. आणि सार्वजनिक तळ्यातले ओंजळभर पाणी सर्वांना घेता यावे म्हणून १९२७ साली त्यांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तिकीट काढणाऱ्याला जात न विचारता पाण्यात उतरू देणारा आजचा तरणतलाव त्या विहिरीपेक्षा एवढ्या एका बाबतीत निश्चित बरा आहे.

म्हणून तलावाकाठच्या लांब खुर्चीवर हात रिकामे ठेवून बसलेल्या गृहिणीकडे पाहून कोणी नाक मुरडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुपारच्या जेवणाला काय करावयाचे हा प्रश्न त्या दिवशी तिला पडत नाही. ताटे दुसरे कोणी मांडतो, दुसरे कोणी उचलतो. कित्येक घरांत वर्षातून असा एखादाच दिवस येतो. पूर्वीच्या सुट्टीने जे तिला कधी दिले नाही, ते ह्या नव्या सुट्टीने दिले आहे, आणि ते परत काढून घेण्याची भाषा करणाऱ्याने आधी आठवडाभर स्वयंपाकघर सांभाळून दाखवावे.

दुपारचा हा हिशेब आम्ही जमेच्या बाजूला धरतो. दोन सूचना मात्र जोडाव्याशा वाटतात. पाण्याकाठी नुसते बसून पाण्याची ओळख होत नाही. मळ्यातल्या विहिरी बुजल्या, गावातल्या बावड्या झाकल्या गेल्या. आमच्या शहरात २०२३ च्या रामनवमीला मंदिरातल्या बावडीवरचे छत कोसळून ३६ माणसे प्राणास मुकली, तेव्हा आपण पायांखाली काय झाकून ठेवले आहे ह्याची जाणीव सगळ्यांना झाली. पोहायला शिकवणारे ते जुने पाणी आता उरलेले नाही. म्हणून तरणतलावावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुलाला आणि मुलीला, आणि मनात असेल तर तिच्या आईलाही, रीतसर पोहायला शिकवावे. दुसरी सूचना पाण्याच्या मोलाविषयी. यशवंतसागरचे पाणी वाढत्या शहराला पुरेनासे झाले, १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले आणि १९७८ साली सुमारे सत्तर किलोमीटरांवरच्या जलूदहून नर्मदा विंध्य चढून आपल्या नळाला आली. ज्या शहराचे पिण्याचे पाणी इतक्या लांबून उपसून आणावे लागते, तेथील मुलांना तरणतलावातले निळे पाणी कोठून आले हे एकदा तरी सांगितले पाहिजे.

आता संध्याकाळ. रंगमंच, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांना रिझवणारा पगारी निवेदक ही योजना कोठून आली, हे पाहिले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. इंग्लंडात १९३६ साली बिली बटलिन नावाच्या गृहस्थाने स्केगनेस येथे समुद्राकाठी सुट्टीची एक वसाहत उघडली. कामगार आणि कारकून कुटुंबांनी येथे यावे, ठराविक दर द्यावा आणि राहणे, जेवण, तरणतलाव, करमणूक हे सर्व त्यात मिळावे, अशी ती कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९३८ साली, पगारी रजेचा कायदा तेथे झाला. बटलिनच्या ध्यानात आले, की आलेली मंडळी आपापल्या ठिकाणी गप्प बसून राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून त्याने लाल कोट घातलेले हसतमुख नोकर नेमले. पाहुण्यांना बोलते करणे, खेळवणे, नाचवणे हे त्यांचे काम. पुढे १९५० साली जेरार ब्लिट्झ ह्याने माजोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेडिटेरानी'ची सुरुवात केली, तीतही पाहुण्यांना रिझवणारे यजमान होतेच. आमच्याकडच्या हिरवळीवर माईक घेऊन 'जोरदार टाळ्या' मागणारा तरुण हा त्या लाल कोटवाल्यांचाच वारस आहे.

इंग्लंडातील त्या कुटुंबांना ह्याची गरज होती. एकमेकांना अनोळखी असलेली हजारो माणसे एका कुंपणात आणल्यावर त्यांच्यात ओळख करून देणारा कोणी तरी लागतोच. पण दोन मोटारींतून जाणाऱ्या आमच्या मंडळींना एकमेकांची ओळख करून देण्याचे काय प्रयोजन? आजी आहे, काका-काकू आहेत, आतेभावंडे आहेत. वर्षभर ज्यांना एकमेकांशी निवांत बोलावयास सवड झाली नाही, ती माणसे एका दिवसासाठी एकत्र आली आहेत. नेमक्या त्याच वेळी ध्वनिक्षेपक असा काही कडाडतो, की शेजारच्या खुर्चीवरच्या काकूला काय म्हणावयाचे होते ते तिच्या मनातच राहते. आजी कानांवर पदर घेऊन बसते. दुपारी विसावा मिळाला हे उत्तम झाले. संध्याकाळी मात्र मंडळी एकत्र असूनही वेगवेगळीच राहिली.

विसावा आणि करमणूक ह्यांत एक भेद आहे आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. विसावा दुसऱ्याने दिला तरी तो विसावाच असतो. स्वयंपाक आचाऱ्याने केला म्हणून गृहिणीच्या आरामात काही कमी होत नाही. करमणुकीचे तसे नाही. पाहिलेली करमणूक त्या रात्रीपुरती असते. केलेली करमणूक माणसाच्या अंगी उरते. भेंड्यांत हरू नये म्हणून ज्याने पन्नास गाणी पाठ केली, त्याची ती जन्मभराची शिदोरी झाली. भुताची गोष्ट रंगवून सांगताना ज्या मुलीला कोठे थांबावे हे कळले, ती पुढे वर्गात किंवा सभेत उभी राहिली तेव्हा डगमगली नाही. घरच्या बैठकीत चुकले तर हसू होत असे, पण हसणारी माणसे आपलीच असत. अशी सुरक्षित जागा मुलाला दुसरीकडे मिळणे कठीण.

आणि येथेच आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरांचा खास प्रश्न येतो. मल्हाररावांच्या मागोमाग आलेली घराणी असोत, १८१८ नंतर इंदूर राजधानी झाल्यावर दरबारच्या चाकरीला आलेली असोत, की पुढे मिलच्या आणि शाळा-कॉलेजांच्या नोकऱ्यांवर आलेली असोत. ह्या सर्वांची मराठी इतका काळ टिकली ती काही सरकारी आज्ञेने टिकली नाही. शाळेची भाषा हिंदी, आता इंग्रजी, बाजाराची हिंदी, मित्रांची हिंदी. ह्यात वाईट काहीच नाही. ह्या शहराने दोन्ही भाषांना मांडीवर घेतले आहे. १९३५ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन इंदुरात भरले आणि त्याच वर्षी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही येथेच भरले. त्याआधी १९१७ साली आणि नंतर २००१ साली विजया राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलनाला इंदूरने यजमानपद दिले आहे.

पण संमेलने काही वर्षांनी एकदा भरतात आणि भाषा रोज लागते. मुलांच्या कानांवर सलग, सैल, हसतीखेळती मराठी पडण्याची वेळ म्हणजे दिवेलागणीनंतरची, आणि तीतही सुट्टीतली. रोजच्या दिवशी मराठी असते ती 'जेव', 'अभ्यास कर', 'लवकर झोप' एवढीच. म्हणी, उखाणे, कोडी, नात्यागोत्याच्या हकिकती, थट्टा, रुसवा ही भाषेची श्रीमंती सुट्टीच्या संध्याकाळी मिळत असे, तीही बिनफीची. ती वेळ ध्वनिक्षेपकाच्या हवाली केली, तर मूल मराठी समजेल पण तिच्यात हसणार नाही. आणि ज्या भाषेत हसता येत नाही, ती फार दिवस घरात राहत नाही.

लोकांनी आपल्या आनंदासाठी केलेल्या करमणुकीची किंमत किती, ह्याचा दाखला शोधावयास लांब जावे लागत नाही. १९४८ साली कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले. क्षयाच्या आजाराने गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या आजूबाजूच्या बायांची गाणी कानांवर येत. लग्नाची, सणाची, पावसाची, दळणाकांडणाची ती गाणी म्हणणाऱ्या बायकांसमोर रंगमंच नव्हता आणि टाळ्या मागणाराही नव्हता. त्या माळवी धुनांचा कुमारजींनी अभ्यास केला, पुष्कळ गाणी जमवली, त्यांतून नव्या रागांचे बीज त्यांना सापडले आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाले. देवासच्या त्या बाया संध्याकाळी विकतचे गाणे ऐकत नुसत्या बसल्या असत्या, तर हिंदुस्थानी संगीताचे केवढे नुकसान झाले असते, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

आमच्या ह्या म्हणण्यावर आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा, की कुटुंबे लहान झाली. चौघांत कसली भेंड्यांची बैठक रंगणार? हे बरोबर आहे, आणि म्हणूनच जावयाचे तर दोन-तीन घरांनी मिळून जावे. चुलत, आते, मामे जवळ नसतील तर राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग येथल्या शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे. दुसरा आक्षेप मुलांचा: आम्हांला नाचावयाचे आहे. त्यांनी अवश्य नाचावे. तासभर नाच आणि तासभर बैठक, ह्यात कोणाचेच काही जात नाही. तिसरा आक्षेप असा, की रिसॉर्टवर आपले कोण ऐकणार? पैसे आपण देतो. आम्हांला हिरवळीचा एक कोपरा द्या आणि तेथला ध्वनिक्षेपक तासभर बंद ठेवा, एवढे आधी सांगून ठेवण्यास हरकत कसली? दाल-बाफल्याला तूप जास्त हवे असेल तर आपण न लाजता मागतोच की!

चौथा आक्षेप गृहिणींचा असेल आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. 'बैठक म्हणजे पुन्हा मीच चहा करावयाचा, मीच मुलांना बसवावयाचे, मीच गाणी निवडावयाची. दिवसभर सुटका झाली होती, ती संध्याकाळी संपली.' असे होऊ देता कामा नये. चहा रिसॉर्टवाल्यांचा असावा आणि बैठकीची जबाबदारी पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घ्यावी. नियम एकच असावा: प्रत्येकाने काहीतरी एक सादर करावयाचे. कोणी गाणे म्हणेल, कोणी कोडे घालील, कोणी नक्कल करील, कोणी पंजोबा इंदुरास कसे आले त्याची हकिकत सांगेल. ज्या मामी-काकूंचा आवाज वर्षानुवर्षे स्वयंपाकघरातून फक्त 'पाने घेतली' एवढाच ऐकू आला, त्यांनी त्या रात्री आधी गावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. जुन्या सुट्टीने त्यांना गच्चीवर यावयास फार उशीर लावला होता. नव्या सुट्टीने तरी त्यांना वेळेवर बोलवावे.

संस्थांनाही येथे काम आहे. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था येथे आहे, सानंद न्यासाच्या नाटकांना आपली घरेच्या घरे जातात, वसाहतींतून गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम होतात. त्या कार्यक्रमांच्या तालमी भाद्रपदाच्या तोंडावर घाईघाईने सुरू होतात. त्याऐवजी मे महिन्यात दोन-चार कुटुंबांच्या गटांना एक गोष्ट, एक नाट्यछटा, चार गाणी असे काही हाती द्यावे आणि सुट्टीच्या सहलींत त्यांनी ती आपसात म्हणून पाहावी, अशी योजना एखाद्या मंडळाने केली तर तिला खर्च जवळजवळ नाही. प्रेक्षक म्हणून आम्ही इंदूरकर जाणते आहोत, असा आमचा लौकिक आहे. पण ज्या घरांत कोणी गात नाही आणि कोणी सांगत नाही, त्या घरांतून जाणते प्रेक्षकही फार काळ निपजत नाहीत.

ह्या शहराला रात्र जागवता येते, ह्यात शंका नाही. सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलब्या मिळू लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत घरेच्या घरे तेथे उभी असतात. तेथे गर्दी असते, धूर असतो, उभ्याने खावे लागते. तरीही मंडळी तृप्त होऊन परततात, कारण खाता खाता ती एकमेकांशी बोलत असतात. रिसॉर्टवरच्या रात्रीला ह्याहून अधिक काही नको. जागा ऐसपैस आहे, हवा गार आहे, चुलीपासून सर्वांची सुटका झालेली आहे, आणि तीन पिढ्या एका ठिकाणी बसलेल्या आहेत. आमच्या वाडवडिलांना ह्यांतल्या काही गोष्टी मिळाल्या, सगळ्या एकाच दिवशी कधी मिळाल्या नाहीत.

तेव्हा ह्या सुट्टीत ज्यांचा असा बेत असेल, त्यांनी तो खुशाल तडीस न्यावा. दुपारी तलावाच्या काठी मनसोक्त लोळावे, मुलांना पोहायला शिकवावे, घरच्या बाईला कोणी हाक मारू नये. दिवे लागल्यावर मात्र तेथल्या व्यवस्थापकाला बोलावून तासभर ध्वनिक्षेपक बंद ठेवावयास सांगावे, खुर्च्या गोल मांडाव्यात आणि आजीला विचारावे, की आजी, तुझ्या लहानपणीची एखादी गोष्ट सांग. पहिली पाच मिनिटे मुले चुळबुळ करतील. त्यांना तेवढा वेळ द्यावा.